गुंडू मेस्त्रीचं भिणं

गुंडू मेस्त्री येतोय हे तो दिसायच्या आधी अर्धा तास कळायचं. रानातून सायकलची घंटी वाजत यायची. सायकल नव्हती. नुसती घंटी, एका काठीला बांधलेली, आणि दर दहा पावलांवर ट्रिंग ट्रिंग. माणूस येतोय हे अस्वलाला आधी कळलं पाहिजे, असं त्याचं म्हणणं. अस्वलाला कळो न कळो, आमच्या कॅम्पावर कळायचं, आणि विठो चुलीवर चहाचं भांडं चढवत म्हणायचा, "आला बघा मामा, तुमचा शूर सरदार."

मी पुरसो. रानाच्या खात्यात रोजंदारीवर वॉचर म्हणून सव्वीस पावसाळे काढले. नंदिगड्ड्याच्या वरच्या अंगाला, व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडे आमचा कॅम्प. एक खोली, एक पडवी, आणि माणसं दोन, मी आणि विठो. विठो माझ्या पोराच्या वयाचा, दोन मुलींचा बाप. मी शाळा तिसरीपर्यंत बघितली. पण रानातलं मला कुणी शिकवावं असा माणूस जोयडा तालुक्यात तेव्हा नव्हता, असं मी समजत होतो. अजूनही थोडंफार समजतो.

त्या जागेला मोबाईल लागत नाही. बाहेरच्या जगाशी बोलायचं तर एक वायरलेस सेट होता, बस. रोज सकाळी जोयड्याहून हाक यायची, एकेका कॅम्पाचं नाव घेऊन, आणि ज्यानं त्यानं "हाय" म्हणायचं. सेट खोलीत, आणि त्याची काठी, म्हणजे अँटेना, बाहेर ऐनाच्या झाडाला बांधलेल्या बांबूच्या टोकावर. वर हातभर लांबीची एक उभी दांडी आणि तिच्या बुडाला चार दांड्या, छत्रीच्या काड्यांसारख्या खाली कललेल्या. सगळ्या कॅम्पांवरच्या ह्या काठ्या नीट करायचं काम गुंडू मेस्त्रीचं. कंत्राटावर होता. रामनगरचा माणूस, मूळ खानापूरकडचा. नाव गुंडू, पण अंगानं शेवग्याची शेंग. साठी जवळ आलेली, जाड भिंगांचा चष्मा, आणि पायात गुडघ्यापर्यंत मोजे, त्यावर तंबाखूचं पाणी चोळलेलं, जळवांसाठी.

भ्यायचा किती, ह्याला सुमार नव्हता. जळवांना भ्यायचा, कुत्र्याला भ्यायचा, साकवावरून व्हाळ ओलांडताना डोळे मिटायचा. कॅम्पावर जेवायला बसला की पाठ भिंतीला लावायचा, दार समोर ठेवायचा. एकदा चुलीत ओलं लाकूड फाटकन फुटलं तर ताट सोडून उठला. विठो हसून हसून लोळला. मेस्त्री परत बसला, भात कालवत म्हणाला, "हसा. माझं काय जातंय? उठलो म्हणून काय बिघडलं? भात तितकाच हाय."

पण त्याच्या गळ्यातली पिशवी बघण्यासारखी होती. मेणकापडाची, आत मऊ फडक्यात गुंडाळलेलं यंत्र. मोबाईलएवढं, वर पडदा, एका बाजूला केबल लावायची जागा. अॅनालायझर असं त्याचं नाव, पण आमच्याकडे तो 'मापाची डबी' म्हणायचा. घरी ती तांदळाच्या डब्यात ठेवायचा म्हणे, दमट हवा लागू नये म्हणून. ती मी पहिल्यांदा बघितली तेव्हा विचारलं, "मेस्त्री, ह्यानं काय कळतं?"

तो म्हणाला, "पुरसोबा, सेटमधनं तुमचं बोलणं वर जातंय का? काठीचं माप जुळलं, तर ते बाहेर जातं, लांब. माप न्हाई जुळलं, तर काठीपर्यंत जाऊन तसंच माघारी येतं. आपण आपले बोलतोय, बोलतोय, आणि सगळं आपल्याच उरावर परत. बाहेर एक अक्षर न्हाई. आणि बोलणाऱ्याला कळत न्हाई, हे वाईट. ही डबी तेवढं सांगते, किती गेलं आणि किती माघारी आलं."

पडद्यावर एक रेघ असायची. काठी बरोबर असली की ती रेघ आडवी येता येता एका जागी खोल उतरायची, दरीसारखी, आणि पलीकडे परत चढायची. ती दरी पडद्यावरच्या खुणेच्या बरोबर खाली यायला हवी. खुणेच्या डावीकडे पडली तर दांडी लांब, उजवीकडे पडली तर आखूड. दरीच नसली तर देवाचं नाव घ्या.

मापायच्या आधी त्याचा एक विधी होता. चुन्याच्या डबीतून तीन छोट्या पितळी टोप्या काढायचा. एक उघडी, एक बंद, एक भाराची, जुळलेल्या काठीच्या जागी लावायची. एकेक टोपी यंत्राला लावायची, बटण दाबायचं, थांबायचं, काढायची. यंत्राला आधी खरं काय ते सांगून ठेवायचं, मग ते खरं बोलेल, असं तो म्हणायचा. त्या वेळी कुणी बोललेलं त्याला चालायचं नाही. विठो एकदा मधेच म्हणाला, "मेस्त्री, साखर किती?" तर मेस्त्रीनं तिन्ही टोप्या काढून पहिल्यापासून सुरुवात केली. साखरेचं उत्तर शेवटी दिलं. "दोन चमचे."

मग चढायचा. चढायच्या आधी गोव्याच्या बाजूचं आभाळ बघायचा. ढग असला तर नाहीच. ऊन असलं तरी सेट लावून नुसती खरखर ऐकत बसायचा, कुठं लांब वीज पडली तर त्या खरखरीत कडकड ऐकू येते म्हणून. सगळं ठीक वाटलं की कमरेला दोर, आणि चढताना मोठ्यानं बोलायचा: "उजवा हात. घट्ट. डावा पाय. घट्ट. डावा हात. घट्ट." पन्नास हात वर जाईपर्यंत हेच. वर पोचून दांडी कानशीनं घासायची, तांदळाच्या दाण्याएवढी, त्याहून जास्त नाही, आणि खाली येऊन डबीत बघायचं. कारण माणूस काठीजवळ असला तर माप चुकतं. एकदा मी मोजलं, सात वेळा वर आणि सात वेळा खाली. मी म्हणालो, "मेस्त्री, एकदाच बोटभर काप की. मोकळा हो."

"आणि जास्त कापलं गेलं तर? ते तू लावून देणार व्हय?"

मला त्याचा राग यायचा. एवढा भित्रा माणूस आणि एवढा हट्टी, हे मला जुळत नव्हतं. हट्ट करावा तर माझ्यासारख्यानं, असं वाटायचं. एका खेपेला मी त्याची परीक्षा घ्यायची ठरवली. घंटीचा आवाज जवळ आला तसा मी वाटेच्या कडेला कारवीच्या झुडपात बसलो आणि अस्वलासारखं घोगरं गुरगुरलो. वाटलं, काठी टाकून पळेल, आणि आम्हाला वर्षभर पुरेल एवढं हसू मिळेल. तो पळाला नाही. मटकन खाली बसला, गळ्यातली पिशवी पोटाखाली घेतली आणि तिच्यावर ओणवा पडला. पाठ उघडी टाकून. अस्वल आधी पाठीवरच येतं, हे त्याला मी सांगायची गरज नव्हती.

मी बाहेर आलो. म्हणालो, "मी हाय, मी. पुरसो."

तो उठला नाही लगेच. उठला तेव्हा चष्मा एका कानावर लोंबत होता. शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं. तो म्हणाला, "डबीला लागलं न्हाई," आणि चालू लागला. त्या दिवशी टोप्या लावताना त्याचे हात इतके थरथरत होते की पेच बसेना. तरी तिन्ही टोप्या लावल्याच.

त्याच दिवशी संध्याकाळी, उजेड होता तोवर, पडवीत बसून त्यानं त्याच्या उस्तादाचं सांगितलं. त्याला हे काम शिकवणारा माणूस. टॉवरवर विडी ओढत चढायचा, दोर बांधायचा नाही, आभाळ बघायचा नाही. "आमच्या उस्तादाला भीती म्हणून ठाऊक नव्हती," मेस्त्री म्हणाला. "एके दिवशी दुपारी डोंगराच्या माथ्यावरच्या काठीला हात घातला. आभाळ वर निळं होतं. वीज पलीकडच्या डोंगरावरनं आली. मी खाली उभा होतो. मला सांगत होता, वरनं पाना दे म्हणून."

विठो म्हणाला, "मग?"

"मग काय? पाना माझ्या हातातच राहिला."

एवढंच सांगितलं. त्यानंतर विठोनं त्याला सरदार म्हणणं सोडलं. मी सोडलं नाही.

आता माझं सांगतो. वैशाखाच्या शेवटी मेस्त्री येऊन काठी नीट करून गेला. जाताना जोडांवर रबरी पट्टी गुंडाळली, त्यावर मेण लावलं, आणि दहा वेळा बजावलं, "पाणी शिरू देऊ नका. पाणी म्हणजे ह्याचं मरण." बाकी काही सांगितलं नाही. वर चढू नका हे सांगायला हवं होतं, असं मी पुष्कळ दिवस स्वतःशी म्हणत होतो.

आमच्याकडे पाऊस यायच्या आधी उभ्या असलेल्या सगळ्याला झाकण घालतात. गवताच्या उडवीला, लाकडांच्या रचनेला, आणि शिवेवरच्या देवाच्या पाषाणालासुद्धा. त्या पाषाणाला माडाच्या चुडतांची टोपी विणायचा मान आमच्या घराचा. माझा आजा विणायचा, बाप विणायचा, मी विणत आलो. तर मला वाटलं, पन्नास हात वर ती बिचारी काठी चार महिने पाऊस खाणार, तिला टोपी का नको? चुडतं कुजतात. मी गोड्या तेलाचा रिकामा डबा फाडला, ठोकून ठोकून गोल केला, कडा वळवल्या. सुबक टोपी झाली. विठो दोन दिवस घरी गेला होता. मी एकटा वर चढलो, दोर न बांधता, आणि टोपी उभ्या दांडीवर घालून लोखंडी तारेनं खालच्या चार दांड्यांना आवळून बांधली. खाली उतरून बघितलं तर पानांतून काही दिसत नव्हतं. चुडतांची घातली असती तर एवढं बिघडलं नसतं, असं मेस्त्री नंतर म्हणाला. पण मी पक्कं काम केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जोयड्याची हाक आली. मला ऐकू आली, नेहमीपेक्षा बारीक, पण आली. मी "हाय" म्हणालो. त्यांनी परत आमचं नाव घेतलं. मी परत "हाय" म्हणालो. ते पुढच्या कॅम्पाकडे वळले. असं रोज व्हायला लागलं. विठो म्हणाला, "मामा, आपला आवाज जात न्हाई वाटतं."

"त्यांच्या कानात मळ झालाय," मी म्हणालो. ऐकू येतंय म्हणजे काठी धड आहे, असा माझा हिशेब. आणि मनात शंका आली नाही असंही नाही. आली. पण टोपी काढायची म्हणजे टोपी चुकली असं म्हणायचं, आणि ते मला जमत नव्हतं.

मिरग सरत आला तेव्हा, पावसाची एक उघडीप बघून, जोयड्याच्या ऑफिसानं मेस्त्रीला पाठवला. दुपारी घंटी ऐकू आली. तो पडवीत टेकला, जळवा काढू लागला. मी चहा ठेवला. विठो लाकडं आणायला मागच्या मांडवात गेला, आणि तिथून त्याचा आवाज आला. ओरडला नाही. नुसतं म्हणाला, "मामा, चावलं."

लाकडांच्या रचनेखाली घोणस बसली होती. उजव्या हाताच्या बोटांवर दोन ठिपके. मी त्याला आत आणून निजवला. हात हलू नये म्हणून फळीला बांधला. व्हाळ सकाळपासून भरत होता. साकवाला पाणी लागायला हातभर उरलं होतं. विठोला उचलून नेणं दोन म्हाताऱ्यांच्या आवाक्यातलं नव्हतं. पलीकडच्या वाडीतून माणसं दोर घेऊन यायला हवी होती, आणि रस्त्यावर जीप. हे सगळं सांगायला एक सेट.

मी सेट उचलला. बोललो. जोयड्याचा माणूस दुसऱ्या कुणाशी तरी बोलत होता, आम्हाला ऐकू येत होता, हसत होता. मी ओरडून बोललो. तो हसतच राहिला.

मेस्त्री शेजारी आला. "सरक." डबी काढली. टोप्या काढल्या. मी म्हणालो, "आता हे कशाला? मेस्त्री, माणूस जातोय!" त्यानं हात वर करून मला गप्प केलं आणि तिन्ही टोप्या एकामागून एक लावल्या. मग काठीची केबल लावली. मी पडद्यात बघितलं. रेघ सरळ गेली होती, माळासारखी. दरी नव्हतीच.

त्यानं माझ्याकडे बघितलं. "वर कायतरी केलंय का कुणी?"

"न्हाई," मी म्हणालो.

ते 'न्हाई' तोंडातून बाहेर पडलं आणि मला माघारी घेता येईना. मेस्त्रीनं मान हलवली आणि खालपासून तपासायला लागला. सेटजवळचा जोड सोडला, बघितला, पुसला. झाडाच्या बुंध्याशी केबलचा एक जोड होता, तिथं गेला, तो सोडला, टोकाला भाराची टोपी लावली, परत आत येऊन डबीत बघितलं. ह्यात किती वेळ गेला? मला ठाऊक आहे किती गेला. विठोचं मनगट सुजलं होतं, ते कोपरापर्यंत गेलं, तेवढा. तो छपराकडे बघत होता. म्हणाला, "मामा, पोरींना..."

लांबून गडगडलं. मेस्त्रीनं दारातून गोव्याच्या बाजूचं आभाळ बघितलं. तो म्हणाला, "केबल धड हाय. जे काय हाय ते वर हाय. पुरसोबा, मी परत विचारतो."

सव्वीस पावसाळ्यांत मला कशाचं भय वाटलं नव्हतं. वाघ दहा हातांवरून बघितलाय. त्या वेळी मात्र खरं बोलायचं वाटलं. मी म्हणालो, "टोपी घातलीय. मी."

"कसली?"

"पत्र्याची. तारेनं आवळलीय."

त्यानं डोळे मिटले, उघडले. कमरेला दोर बांधायला लागला. मी म्हणालो, "मी चढतो. मी घातली, मी काढतो."

"तू काढशील, आणि दांड्या वाकल्या असतील त्या? त्या कुणाच्या बापाला सरळ करता येणार? हे धर." त्यानं मापाची डबी माझ्या हातात दिली, तीच, जिच्यासाठी तो अस्वलापुढे पाठ उघडी टाकून पडला होता. केबल बुंध्याच्या जोडाला लावून दिली, वर इरलं धरायला सांगितलं. "दरी कुठं पडते तेवढं बघायचं. खुणेच्या डाव्या अंगाला, का उजव्या, का खाली. मोठ्यानं सांगायचं. आणि अंदाजानं सांगायचं न्हाई. दिसतंय तेवढंच."

मग मी त्याला चढताना बघितलं. बांबू ओला. वर धुकं. "उजवा हात. घट्ट. डावा पाय. घट्ट." आवाज थरथरत होता, पण एकही शब्द गाळला नाही. मग तो धुक्यात गेला आणि नुसता आवाज राहिला. मग वीज चमकली, आणि आवाज थांबला.

मी वर बघायला भ्यालो. पडद्यात बघत राहिलो. सरळ रेघ. मी देवाला काय काय बोललो ते लिहीत नाही. मग वरून, अगदी बारीक: "डावा हात. घट्ट."

पत्रा झाडाच्या फांद्यांवर आपटत खाली आला आणि माझ्या पायांशी पडला. रेघ हलली. मी ओरडलो, "दरी आली! आली! पण डाव्या अंगाला हाय! उथळ हाय!"

"थांब, मी खाली सरकतो. मी जवळ हाय म्हणून असंल."

तो दहा हात खाली आला. "आता?"

"डाव्याच अंगाला."

परत वर गेला. वाकलेल्या दांड्या हातानं सरळ करत होता. परत गडगडलं, ह्या वेळी डोक्यावर. माझ्या मनात एकच, की ह्या झाडावर आता वीज पडली तर ती माझ्या टोपीपायी पडणार. तो परत दहा हात उतरला. "आता?"

"जवळ आली. चार बोटं... न्हाई, दोन बोटं डावीकडं."

"चार का दोन?"

"दोन. दोनच!"

तिसऱ्यांदा वर गेला. मी इरल्याखाली डबी छातीशी धरून उभा. तिसऱ्यांदा उतरला तेव्हा रेघ खाली गेली, सरळ खाली, खोल, खुणेच्या बरोबर खाली. मी ओरडलो, "बसली! मेस्त्री, बसली!"

"नीट बघ."

"नीट बघूनच सांगतोय, ये आता खाली! ये की रे!"

त्यानं उतरून बुंध्याचा जोड परत बांधला आणि मी सेट उचलला. जोयड्याच्या माणसानं पहिल्याच हाकेला आमचं नाव घेतलं. "अरे, कुठं होता इतके दिवस?" म्हणाला. मी सांगितलं ते त्यानं परत म्हणून दाखवलं, घोणस, हात, दोर, जीप. तासाभरात पलीकडच्या वाडीतले सहा गडी साकवावर दोर बांधून आले. विठोला चादरीच्या झोळीतून नेला. जोयड्याला पहिली सुई, मग पुढं मोठ्या दवाखान्यात. वाचला. उजव्या हाताची दोन बोटं आजही वाकत नाहीत. तो मला अजून मामाच म्हणतो.

मेस्त्री त्या दिवशी अडकला. व्हाळ उतरला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं कॅम्पाची वही मागितली, काम केलं की त्यात लिहावं लागतं. चष्मा पुसून लिहिलं, आणि मला वाचून दाखवलं: "वरच्या जोडात पाणी शिरलं होतं. जोड नवा केला. आवाज बरोबर."

मी म्हणालो, "हे खोटं हाय."

"टोपी लिहिली तर तू उद्या घरी. रोजंदारीच्या माणसाला कोण विचारतंय? ह्या वयात कुठं जाशील?"

"आणि पाणी शिरलं म्हणजे जोड कुणी बांधला असं विचारतील. तो तुझा."

"माझं मी बघीन," म्हणाला. वहीखाली सही केली. घाबरलेला होता, हे मला दिसत होतं. पण सहीचं अक्षर सरळ होतं.

आणि मी गप्प बसलो. हे लिहायला मला जड जातंय, पण गप्प बसलो. गणपतीच्या आधी दुसराच मेस्त्री आला, मोटारसायकलवाला. काठी बघून म्हणाला, "त्या गुंडूला काढला. जोड कच्चा बांधला होता म्हणे, माणूस मरता मरता वाचला. म्हातारा झालता, हात कापायचे त्याचे." मी त्याला चहा दिला. चहा देताना माझा हात कापला नाही, ह्याची मला नंतर लाज वाटली.

दसरा झाला आणि मी जोयड्याला गेलो. ऑफिसात उभा राहून साहेबांना टोपीचं सगळं सांगितलं. साहेब म्हणाले, "आता सांगून काय उपयोग, आजोबा?" उपयोग एवढाच झाला की महिन्याच्या अखेरीला मला घरी बसायला सांगितलं. मेस्त्रीचं कंत्राट तोवर दुसऱ्याच्या नावावर झालं होतं. ते परत फिरलं नाही.

त्या दिवशी ऑफिसातून तसाच मी रामनगरला गेलो. त्याचं घर विचारत विचारत सापडलं. तो अंगणात खुर्चीवर बसून कुणाचा तरी रेडिओ उघडून बघत होता. मी सगळं सांगितलं, ऑफिसात गेलो तेही. मला वाटलं होतं, खूश होईल. तो एवढा भडकला की त्याची बायको दारात आली.

"तुला कुणी सांगितलं होतं शहाणपण करायला? आँ? मी एक काम वाचवलं होतं दोघांतलं. एक! तेवढं तरी राहू द्यायचं! आता दोघं बसा अंगण झाडत!"

"मला झोप येत न्हवती," मी म्हणालो.

"मग जागा राहायचं होतंस की!"

त्याची बायको म्हणाली, "अहो, पाव्हण्याला आधी पाणी तरी द्या." मग भाकरी झाली, आमटी झाली. तो रागातच जेवला. जेवून झाल्यावर मला सोडायला बसच्या थांब्यापर्यंत आला, न विचारता.

थांबा रस्त्याच्या पलीकडे. रामनगरचा रस्ता तुम्ही बघितला असेल, गोव्याला जाणारे ट्रक एकामागून एक. मी पाऊल टाकलं तसं त्यानं माझं मनगट मुठीत धरलं. "थांब." एक ट्रक गेला. रस्ता मोकळा झाला असं मला वाटलं. "थांब." लांबून एक मोटार येत होती, पार त्या वळणाशी. तो तिची वाट बघत उभा राहिला. ती गेली. मग एक टेम्पो. माझी बस पलीकडे येऊन लागली, माणसं चढायला लागली, कंडक्टर घंटा मारायच्या बेतात. मला पळत जाता आलं असतं. असले रस्ते मी उभ्या आयुष्यात न बघता ओलांडले.

"अजून एक येतोय," मेस्त्री म्हणाला. त्याची बोटं माझ्या मनगटावर घट्ट होती, आणि गार. मी उभा राहिलो. बस गेली. मी हात सोडवून घेतला नाही. दोघं तिथंच उभे, दोन्हीकडे बघत, रस्ता खरोखर मोकळा होईपर्यंत.